श्वेतपेशींचे सीमोल्लंघन
दाह, पू आणि रक्तवाहिनीची भिंत यांविषयी

१. दाह म्हणजे काय?

तळपायात बाभळीचा काटा रुतला म्हणजे पहिल्या क्षणी केवळ वेदना होते. परंतु काही तासांनी ती जागा लाल दिसू लागते, हाताला गरम लागते, सुजते आणि ठणकते. काटा आतच राहिला तर दोन-तीन दिवसांत तेथे पिवळसर पू धरतो. त्याला आपण 'पिकणे' असे म्हणतो. घरातील वडीलधारी माणसे अशा वेळी गरम पोटीस बांधतात आणि पू वाहून गेल्यावर दुखणे ओसरले असे मानतात.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नमूद केली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या असून, शस्त्र केव्हा चालवावे हे या अवस्था ओळखून ठरवावे असा उपदेश केला आहे. म्हणजे दाह कसा दिसतो आणि त्याचा क्रम कसा असतो, हे प्राचीन वैद्यांना उत्तम प्रकारे ठाऊक होते. परंतु पू म्हणजे काय आणि तो येतो कोठून, या प्रश्नाचा उलगडा होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

पू हा मुख्यतः श्वेतपेशींचा बनलेला असतो. श्वेतपेशी रक्तात असतात आणि रक्त तर चोहोंकडून बंद असलेल्या नळ्यांतून वाहते. मग नळी न फुटता, रक्त न सांडता, या पेशी बाहेर कशा पडतात? प्रस्तुत पुस्तिकेचा विषय हाच आहे.

२. १८५८ : झाशी आणि बर्लिन

१८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या सैन्याने झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले. तोफा, बंदुका आणि तलवारी यांनी दोन्ही बाजूंची असंख्य माणसे जखमी झाली. त्या काळी रणांगणावर जागीच पडलेल्यांइतकीच काळजी मागाहून जखम चिघळणाऱ्यांची करावी लागे. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. जखमेत पू का होतो, याविषयीही वैद्यकशास्त्रात एकमत नव्हते.

त्याच १८५८ साली बर्लिन येथे रुडॉल्फ फिर्खो याने पेशींच्या विकृतीवरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हे तत्त्व त्याने वैद्यकात रुजवले. या तत्त्वाला अनुसरून त्याचे असे मत होते की, दाह झालेल्या भागातील पेशी वाढून त्यांच्यापासूनच पूपेशी उत्पन्न होतात. रक्तातून पेशी बाहेर येतात हे त्याला मान्य नव्हते.

वास्तविक तसे घडताना काही जणांनी पाहिले होते. फ्रान्समधील द्युत्रोशे याने १८२४ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या पारदर्शक शेपटीत, तर इंग्लंडमधील ऑगस्टस वॉलर याने १८४६ मध्ये बेडकाच्या जिभेत, रक्तातील पेशी वाहिनीबाहेर पडताना पाहिल्याची नोंद केली. परंतु त्यांच्या निरीक्षणांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

फिर्खोचाच साहाय्यक युलियुस कोनहाइम याने १८६७ मध्ये हा वाद निकालात काढला. बेडकाच्या आतड्यांना आधार देणारा जो पातळ, पारदर्शक पडदा असतो, तो ताणून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हवेच्या संपर्काने त्या पडद्यात दाह सुरू झाला. प्रथम वाहिन्या रुंदावल्या, मग रक्ताचा वेग मंदावला, मग प्रवाहाच्या मध्यातून जाणाऱ्या श्वेतपेशी कडेला येऊन भिंतीलगत ओळीने चिकटल्या. थोड्या वेळाने भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक फुगवटा दिसू लागला. तो वाढत गेला, आतील भाग लहान होत गेला आणि अखेरीस संपूर्ण पेशी बाहेर आली. दुसऱ्या प्रयोगात त्याने प्राण्याच्या रक्तात निळा रंग सोडला आणि नंतर डोळ्याच्या पारदर्शक पटलात दाह उत्पन्न केला. त्या पटलात रक्तवाहिन्या नसतात. तरीही तेथे जमलेल्या काही पेशींत निळे कण आढळले. त्या पेशी रक्तातून आल्या होत्या, हे यावरून स्पष्ट झाले. गुरूच्या मताविरुद्ध शिष्याने प्रयोगाने दिलेला हा पुरावा होता.

३. त्या बाहेर पडतात की बाहेर सांडतात?

परंतु एक नवा प्रश्न उभा राहिला. कोनहाइमच्या मते दाहामुळे वाहिनीची भिंत बिघडते आणि त्यामुळे पेशी बाहेर झिरपतात. म्हणजे पेशीचा यात काही पुरुषार्थ नाही, दोष भिंतीचा.

रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेच्निकॉव्ह याने या प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने पाहिले. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती हलत्या-चालत्या पेशींचा गराडा पडलेला! तारामाशाला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा भिंत बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. पेशी आपण होऊन तेथे गेल्या होत्या. या पेशी जंतू गिळून पचवतात, हे त्याने पुढे दाखवून दिले. या कार्याबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले.

आजच्या ज्ञानाने पाहता दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता. भिंत बदलते हे खरे. परंतु ती मोडकळीस येत नाही. पेशी स्वतः चालतात हेही खरे. परंतु भिंतीने अनुमती दिल्यावाचून त्या बाहेर पडू शकत नाहीत. जुन्या वाड्याचा किंवा किल्ल्याचा महादरवाजा बंद असतानाही त्यातील लहान दिंडी उघडून ओळखीच्या माणसाला आतबाहेर करू देतात, तसाच हा व्यवहार आहे.

४. भिंत आणि प्रवासी

या व्यवहाराची जागा प्रथम पाहू. रोहिण्यांतून आलेले रक्त केशवाहिन्यांत शिरते आणि तेथून अत्यंत बारीक नीलांत उतरते. या बारीक नीलांना नीलिका म्हणू. श्वेतपेशी बहुतांशी येथूनच बाहेर पडतात. नीलिकेच्या आतील अंगाला चपट्या पेशींचा एकच थर असतो, तो अंतःस्तर. फरशीचे तुकडे सांधून बसवावेत त्याप्रमाणे या पेशी कडेला कडा लावून बसलेल्या असतात. त्यांच्या बाहेर तंतुमय प्रथिनांचे एक पातळ आवरण असते, ते आधारपटल.

प्रवासी म्हणजे श्वेतपेशी. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख, तर श्वेतपेशी ४,००० ते ११,००० एवढ्याच असतात. श्वेतपेशींच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी दाहस्थानी प्रथम पोहोचणारी जात न्यूट्रोफिल या नावाने ओळखली जाते. तिचा व्यास १२ ते १५ मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अस्थिमज्जेत दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात आणि रक्तात त्यांचा मुक्काम अवघ्या काही तासांचा असतो. तिचे केंद्रक अनेक खंडांचे व लवचीक असल्याने अरुंद जागेतून अंग चोरून जाणे तिला साधते.

५. पारगमनाच्या चार पायऱ्या

पहिली पायरी घरंगळण्याची. जंतू शिरले किंवा ऊतक दुखावले म्हणजे तेथील पहारेकरी पेशी हिस्टामिनसारखी रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यांमुळे वाहिन्या रुंदावून अधिक रक्त येते; म्हणून लाली आणि उष्णता. भिंतीतून रक्तद्रव झिरपतो, म्हणून सूज. याच वेळी अंतःस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाची प्रथिने उभी करतात. त्यांतील एक प्रकार पेशीत आधीच साठवलेला असतो, तो काही मिनिटांतच पृष्ठभागी येतो. दुसरा नव्याने बनवावा लागतो, त्याला काही तास लागतात. श्वेतपेशीच्या अंगावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि सिलेक्टिन त्यांना धरते. ही पकड सैल असते. एक सुटते तोच दुसरी बसते. त्यामुळे प्रवाहाबरोबर धावणारी श्वेतपेशी थबकते आणि भिंतीवरून हळूहळू घरंगळू लागते.

दुसरी पायरी घट्ट बसण्याची. घरंगळताना श्वेतपेशीला भिंतीवर मांडलेली काही संदेशद्रव्ये लागतात. त्यांचा स्पर्श होताच तिच्या अंगावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने आपला आकार बदलतात. एरवी ती मिटलेली असतात. आता ती ताठ उभी राहून अंतःस्तरावरील जोडीदार प्रथिनांना घट्ट धरतात. वाहत्या रक्ताचा जोर असूनही पेशी जागीच थांबते, चपटी होते आणि भिंतीवर सरपटत दोन पेशींमधील सांधा शोधते.

तिसरी पायरी प्रत्यक्ष पारगमनाची. १९६० च्या सुमारास व्हिन्सेंट मार्केसी आणि हॉवर्ड फ्लोरी यांनी ऑक्सफर्ड येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले की, श्वेतपेशी दोन अंतःस्तर पेशींच्या सांध्यातून जातात. काही थोड्या पेशी सांधा सोडून एखाद्या अंतःस्तर पेशीच्या शरीरातूनच पार होतात, असेही आता दिसून आले आहे. सांध्यावर एक विशेष प्रथिन असते. तेच प्रथिन श्वेतपेशीच्याही अंगावर असते आणि ते आपल्यासारख्यालाच चिकटते. जणू दोघांजवळ एकच खूण असते आणि ती पटली की वाट मिळते. श्वेतपेशी प्रथम एक बारीक पाद पुढे घालते, मग सारे शरीर त्यामागून ओढून घेते. ती पार झाली की तिच्या मागे सांधा पुन्हा मिटतो. त्यामुळे तिच्याहून आकाराने लहान असलेल्या तांबड्या पेशी सामान्यतः आतच राहतात. यावरूनच हे झिरपणे नव्हे, हे ध्यानात यावे.

चौथी पायरी पुढील वाटचालीची. आधारपटल ओलांडताना श्वेतपेशी ते जेथे विरळ असते अशा जागा निवडते. बाहेर पडल्यावर जंतूंनी आणि दुखावलेल्या ऊतकांनी सोडलेली द्रव्ये जिकडे अधिक दाट असतील तिकडे ती चालू लागते. तेथे पोहोचून ती जंतू गिळते, त्यांना मारते आणि बहुधा स्वतःही मरते. अशा मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेले ऊतक मिळून पू होतो. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल येतात. पुढील एक-दोन दिवसांत त्यांच्या मागोमाग मोठ्या भक्षक पेशी येऊन साफसफाई करतात आणि जखम भरू लागते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघालेल्या सैन्यातील सारेच घरी परतत नसत. न्यूट्रोफिलच्या बाबतीत तर परत फिरणारी पेशी हा अपवादच होय.

६. मुंबईतील एक शोध आणि त्याचा पुढचा धागा

पहिल्या पायरीवर श्वेतपेशीच्या अंगावरील शर्करांचा उल्लेख आला. या शर्करांत फ्युकोज नावाची एक शर्करा असावी लागते; तिच्यावाचून सिलेक्टिनची पकड बसत नाही. या फ्युकोजचा मुंबईत लागलेल्या एका शोधाशी निकटचा संबंध आहे.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी, इंग्लंडमधील सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स या शास्त्रज्ञांसह, 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. मुंबईत त्यांना अशी तीन माणसे आढळली होती की, त्यांच्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी यांपैकी काहीच नव्हते; म्हणून वरवर पाहता त्यांचे रक्त ओ गटाचे वाटे. परंतु त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी मिसळल्या तरी त्यांचे पुंजके होत. ओ गटाच्या पेशींवरही जो एच नावाचा मूळ पदार्थ असतो, तोसुद्धा या माणसांत नव्हता. हा दुर्मिळ रक्तगट पुढे जगभर 'बॉम्बे रक्तगट' या नावाने प्रसिद्ध झाला. एच पदार्थ तयार होण्यासाठी शर्करांच्या साखळीला फ्युकोजचा एक रेणू विशिष्ट जागी जोडावा लागतो. बॉम्बे गटाच्या माणसांत तो जोडणारे विकर काम करीत नाही.

मग त्यांच्या श्वेतपेशी घरंगळतात की नाही? त्या उत्तम प्रकारे घरंगळतात. कारण श्वेतपेशींवर फ्युकोज जोडणारी विकरे निराळी आहेत आणि ती या माणसांत शाबूत असतात. त्यामुळे बॉम्बे गटाची माणसे एरवी निरोगी असतात. रक्त घेण्याची वेळ आली तर मात्र त्यांना त्याच गटाचे रक्त मिळवावे लागते.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्राएलमधील एत्सिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मुलांविषयी लिहिले. या मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होई, रक्तातील श्वेतपेशींची संख्या फार वाढे, तरी जखमेत पू धरत नसे. त्यांची शारीरिक व मानसिक वाढही खुंटली होती. त्यांचा रक्तगट तपासला तेव्हा तो बॉम्बे निघाला! येथे एखादे विकर नव्हे, तर फ्युकोजच संपूर्ण शरीरात जागच्या जागी पोहोचत नव्हते. त्यामुळे तांबड्या पेशींवर एच पदार्थ नव्हता आणि श्वेतपेशींवर सिलेक्टिनला धरण्याजोगी शर्कराही नव्हती. पेशीच्या अंतर्भागात फ्युकोज वाहून नेणारे प्रथिन सदोष असल्याने हा रोग होतो, हे २००१ मध्ये उघड झाले. तोंडाने फ्युकोज दिल्यावर काही रुग्णांची श्वेतपेशी-संख्या उतरली आणि संसर्ग कमी झाले. सर्वांनाच मात्र हा लाभ झाला नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेत रक्त जुळवताना दिसलेली एक विसंगती अशा रीतीने दाहाच्या पहिल्या पायरीचे मर्म उलगडण्यास उपयोगी पडली.

७. पू न होणे हे सुलक्षण नव्हे

दुसरी पायरी निकामी असेल तर परिणाम अधिक गंभीर होतो. काही बालकांत जन्मतःच इंटिग्रिनचा एक आवश्यक घटक नसतो किंवा फार थोडा असतो. त्यांच्या श्वेतपेशी भिंतीवरून घरंगळतात, परंतु थांबू शकत नाहीत. सामान्यतः बाळाची नाळ एक-दोन आठवड्यांत पडते. या बालकांत ती तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही, कारण नाळ गळून पडण्याच्या क्रियेतही श्वेतपेशींचा वाटा असतो. बेंबीला, त्वचेला, हिरड्यांना वारंवार संसर्ग होतो. जखम लाल होते, चिघळते, परंतु तीत पू दिसत नाही. रक्ततपासणीत मात्र श्वेतपेशी विपुल असतात. सैन्य पुष्कळ आहे, पण वेशीबाहेर पडता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

या लक्षणांची ओळख घरच्या माणसांना असणे महत्त्वाचे आहे. पू झाला नाही म्हणजे जखम बरी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे; परंतु या बालकांच्या बाबतीत तो घातक ठरतो. नाळ पडण्यास थोडा विलंब झाला म्हणजे हा रोग आहेच असे नव्हे. मात्र विलंबासोबत वारंवार संसर्ग होत असेल तर बाळाला अवश्य डॉक्टरांना दाखवावे. तीव्र स्वरूपाच्या रोगावर अस्थिमज्जेचे रोपण हा उपाय आहे आणि तो जितका लवकर करता येईल तितका चांगला. मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. तेथील संशोधकांनी या रोगाच्या भारतीय रुग्णांचा अभ्यास करून त्यामागील जनुकीय दोष शोधले आहेत.

८. दिंडी उघडी राहिली तर?

दिंडी बंद राहणे जसे घातक, तसेच ती अकारण उघडी राहणेही घातक. संधिवाताच्या काही प्रकारांत श्वेतपेशी सांध्यांत शिरून निरोगी ऊतकाचीच हानी करतात. दम्यात त्या श्वासनलिकांच्या भिंतींत जमतात. मेंदू व मज्जारज्जूच्या एका रोगात त्या मज्जातंतूंवरील आवरण नष्ट करतात. अशा रोगांत पारगमनाची एखादी पायरी औषधाने अडवता येईल काय, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. नॅटालिझुमॅब हे औषध श्वेतपेशींवरील एका इंटिग्रिनला झाकून त्यांना मेंदूत शिरण्यापासून रोखते. २००४ मध्ये अमेरिकेत त्यास अनुमती मिळाली. परंतु काही रुग्णांच्या मेंदूत, एरवी सुप्त असणाऱ्या एका विषाणूने गंभीर रोग उत्पन्न केल्याचे दिसताच २००५ मध्ये ते मागे घेण्यात आले. पुढे २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर त्याचा वापर पुन्हा सुरू झाला. श्वेतपेशींना ज्या वाटेने अडवावे, त्याच वाटेवरील पहारा आपण उठवतो, हे या अनुभवाने शिकवले.

९. समारोप

दाह हा शत्रू नव्हे आणि निव्वळ मित्रही नव्हे. ती शरीराची एक नियमबद्ध क्रिया आहे. तिच्यात भिंत आणि पेशी या दोघी एकमेकींची खूण पटवून, पायरीपायरीने, नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी कार्य करतात. एक पायरी गळली तर संसर्ग माजतो. मर्यादा सुटली तर स्वतःच्याच शरीराची हानी होते. ज्या पुवाकडे मनुष्य किळसेने पाहतो, तो या पेशी आपल्या नियोजित स्थळी पोहोचल्या होत्या याची साक्ष होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कोनहाइमच्या निळ्या रंगाच्या प्रयोगासाठी डोळ्याचे पारदर्शक पटलच का उपयुक्त ठरले?
२. तारामाशाला रक्तवाहिन्या नसणे ही गोष्ट मेच्निकॉव्हच्या निष्कर्षाला कशी पोषक ठरली?
३. श्वेतपेशी बाहेर पडते, परंतु तिच्याहून लहान असलेली तांबडी पेशी सामान्यतः आतच राहते. यावरून काय सिद्ध होते?
४. बॉम्बे रक्तगटाची निरोगी व्यक्ती आणि फ्युकोजच्या वहनात दोष असलेला रुग्ण यांत कोणते साम्य आहे आणि कोणता भेद आहे?
५. रक्तात श्वेतपेशी पुष्कळ असूनही जखमेत पू होत नसेल, तर पारगमनाच्या कोणत्या पायऱ्यांविषयी शंका घ्यावी आणि का?